ऑफ, बारा मार्च

१

मेलेला माणूस मेथीच्या जुड्या निवडत होता.

शनिवारची सकाळ, सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलचा मेन स्ट्रीट, जूनची थंडी. दुकानदाराने भाजीचे क्रेट फुटपाथवर मांडले होते आणि माझ्या पुढे मरून रंगाचा स्वेटर घातलेले एक काका उभे होते. प्रत्येक जुडी नाकाशी न्यायची, हुंगायची, परत ठेवायची. माझा धीर मुळातच कमी. काका, मेथी निवडताय, जावई नाही, असं मी म्हणणारच होते, तेवढ्यात आतून दुकानदार ओरडला, “कर्णिककाका, आपके लिए ताजा माल अंदर रखा है.”

दीनानाथ कर्णिक. वय एकाहत्तर, राहणार वेंटवर्थव्हिल. हे नाव मी आदल्याच दिवशी हॉस्पिटलात एका यादीत वाचलं होतं. यादी गेलेल्यांची होती.

मी सुनीती. मूळची पुण्याची, बावीस वर्षं सिडनीत, त्यातली अठरा एका मोठ्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात. पेशंटला काय झालं, त्याचं काय केलं आणि पुढे तो कसा राहिला, ह्याच्या नोंदी तपासणं हे माझं काम. शुक्रवारी आमचे सीनियर सर्जन ग्रॅहॅम ह्यांनी मला सात नावं दिली. सातही जण डॉक्टर सलिलचे पेशंट. सलिल आमच्याकडे छोट्या चिरेची बायपास करतो. छातीचं मधलं हाड कापायचं नाही. डाव्या बाजूला दोन बरगड्यांमधून तीनेक इंचांची चीर द्यायची आणि तेवढ्यातून धडधडत्या हृदयावर नवी रक्तवाहिनी जोडायची. माणूस चार-पाच दिवसांत घरी. पहिल्या दोन वर्षांत त्याने अशी अठ्ठ्याऐंशी ऑपरेशनं केली होती. आता त्यांचे वर्षभरानंतरचे निकाल हाती आले आणि त्यात सात जण ऑफ. म्हणजे शंभरात आठ. ग्रॅहॅमच्या नेहमीच्या, हाड कापून केलेल्या बायपासमध्ये शंभरात दोन. येत्या गुरुवारी मीटिंग होती आणि तिच्यात सलिलचं हे ऑपरेशन कायमचं बंद होणार, हे कँटीनमधल्या पोरींनाही ठाऊक होतं. त्याआधी सात नोंदी एकदा तपासून दे, एवढंच मला सांगितलं होतं.

“काय हो, ओळख आहे का आपली?” काकांनी विचारलं. मी त्यांच्याकडे टक लावून बघत होते.

“नाही, म्हणजे... मी हॉस्पिटलात काम करते. हार्टवाल्या विभागाच्या जवळच.”

“डॉक्टर सलिलचं हॉस्पिटल? मग तुम्हाला दाखवलंच पाहिजे.” आणि त्या गारठ्यात, कोथिंबिरीच्या क्रेटशेजारी, काकांनी स्वेटर, शर्ट, बनियन एकदम वर केलं. “एवढंसं बघा. माझ्या मेव्हण्याची छाती गळ्यापासून पोटापर्यंत उसवली होती. मी पाचव्या दिवशी घरी आलो, सहाव्या दिवशी बायकोशी भांडलो. मंगळवारी चहाला या, सुचित्रा पोहे छान करते.”

घरी येऊन नुपूरला सांगितलं. नुपूर माझी मुलगी, युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, असा आमचा संसार.

“डिड यू टेल हिम ही इज डेड?”

“वेडी आहेस का? असं कुणी सांगतं?”

“गुड.” तिने फोनवरून नजरही उचलली नाही. “सो व्हॉट अबाउट द अदर सिक्स?”

२

सोमवारी आठ वाजता मी कौमुदीच्या टेबलाशी हजर.

कौमुदी आमच्याकडे डेटा एन्ट्री करते. सांगलीची मुलगी, नवरा आयटीत, कॅसल हिलला घर. कामाला इतकी नेटकी की तिची चूक काढायला बसलं तर आपलीच निघते. नोकरी मात्र अजून कॉन्ट्रॅक्टवर, त्यामुळे कुणी तिच्या टेबलाशी आलं की ती आधी उभी राहते.

“सुनीतीताई, काही चुकलं का?”

“बस गं. सलिलच्या पेशंटचे फोनचे कागद दे.”

पद्धत अशी होती. ऑपरेशनला वर्ष झालं की पेशंटला मोबाइलवर चार प्रश्न जायचे. बहात्तर जणांनी स्वतः उत्तरं पाठवली होती आणि ते सगळे ठणठणीत होते. उरलेल्या सोळा जणांनी उत्तर दिलं नाही, म्हणून त्यांना शेरिलने फोन केले. शेरिल आमची जुनी नर्स. एप्रिलअखेर ती रिटायर झाली आणि नवऱ्याबरोबर कॅरव्हॅन घेऊन देशाला वळसा घालायला निघाली. तिचा हाताने लिहिलेला कागद ड्रॉवरमध्ये राहिला होता, तो मे महिन्यात कौमुदीने कॉम्प्युटरमध्ये भरला.

एका नावाला एक ओळ. शेरिलचं अक्षर गोल, निळी शाई, खाडाखोड नाही. कर्णिककाकांना फोन केला होता नऊ एप्रिलला. पुढे लिहिलं होतं, ‘ऑफ १२/३. स्पोक टू वाइफ.’ त्याखाली एका लेबनीज गृहस्थांचं, ‘ऑफ २०/२. स्पोक टू सन.’ असे सहा. सातवे मिस्टर ट्रान, ‘डाइड २/८. स्पोक टू डॉटर.’ बाकी नऊ ओळी ‘ऑन’च्या, त्या माझ्या कामाच्या नव्हत्या. कौमुदीने सगळं अगदी कागदाबरहुकूम भरलं होतं: सात मृत, नऊ जिवंत. तिच्यावर बोट ठेवायला जागा नव्हती.

एकच गोष्ट मला खटकली. सातही घरं बाहेरून आलेल्यांची. दोन आपली, एक लेबनीज, एक ग्रीक, बाकीची व्हिएतनामी. सातही फोन बायकोने नाहीतर मुलांनी घेतलेले. म्हणजे ज्या घरून उलटा फोन येणार नाही, चार शब्द इंग्रजीत भांडायला कुणी येणार नाही, अशीच माणसं कागदावर मेली होती. हे आपोआप झालं असेल? मला तरी पटेना.

मी ग्रॅहॅमच्या खोलीत गेले. सहा फूट उंच, साठीचा माणूस. छोट्या चिरेला तो ‘लेटरबॉक्समधून केलेली सर्जरी’ म्हणतो. सलिलचं ऑपरेशन बंद झालं तर सगळे पेशंट त्याच्याच टेबलावर येणार, हेही मी विसरले नव्हते.

“एक जण जिवंत आहे,” मी म्हणाले. “मी स्वतः बघितलाय. मेथी घेत होता.”

त्याने चष्मा काढला. “मग सहा उरले. सहाही फार होतात, सुनीती.”

“बाकीच्यांना फोन करू?”

“तू नाही. एखाद्या विधवेला, तुझा नवरा नक्की मेलाय का, असं विचारणार आहेस? सरकारी मृत्यूनोंदी मागवल्यात, यायला तीन आठवडे लागतील. आणि सलिलच्या यादीत पुढच्या आठवड्यात चार पेशंट आहेत. तोवर मला थांबता येणार नाही.” त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, त्यामुळे मला आणखीच राग आला.

मी दाराशी पोचले तेव्हा तो म्हणाला, “यादी आली त्याच दिवशी मी सलिलला सांगितलं होतं की घरच्यांना तू स्वतः फोन कर. सर्जन तू आहेस. तीन आठवडे झाले, त्याने एकही केलेला नाही. का, ते विचार त्याला.”

३

सलिल दादरचा. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण इथल्या पहिल्या गणपतीपासून आमचं अरे-तुरे. त्याच्या खोलीत टेबलावर प्लास्टिकचं हृदय असतं, बोलताना तो ते हातात घेऊन फिरवत बसतो. त्या दिवशी ते कपाटावर ठेवलेलं होतं.

“कर्णिककाका जिवंत आहेत,” मी खुर्ची ओढत म्हणाले.

मला वाटलं उडी मारेल. तो नुसता बघत राहिला. मग म्हणाला, “आणि बाकीचे सहा?”

“ते तू सांग. तुला फोन करायला सांगितलं होतं ना?”

“काय बोलू फोनवर? नमस्कार, मी डॉक्टर सलिल, तुमच्या नवऱ्याला मीच मारलं?”

“अरे पण कसे गेले, कधी गेले, एवढं तरी विचारशील. यादी वाचलीस का नीट?”

त्याने मान हलवली. वाचली नव्हती. नुसता आकडा ऐकला होता.

आता खरं सांगते, त्या क्षणी मला त्याचाच संशय आला. ज्याने चूक केलेली नसते तो माणूस भांडतो, कागद मागतो, आरडाओरडा करतो. हा गप्प. म्हणजे ह्याला काहीतरी माहीत आहे आणि तो ते लपवतोय.

“सलिल, ऑपरेशनमध्ये काही गडबड झाली होती का? मला सांग. आत्ता सांगितलंस तर निदान मला कळेल मी काय शोधतेय.”

मग त्याने तळहात माझ्यासमोर धरला.

“मोठ्या चिरेत अख्खं हृदय समोर असतं. वर, खाली, मागे, हात घालून बघता येतं. माझ्या चिरेतून एवढंच दिसतं, तळहाताएवढं. सांधा नीट बसला का, हे मी मशीनने तपासतो, दोनदा तपासतो. तरी टाके घालताना दर वेळी मनात येतं, जे दिसलं नाही तिथे काही राहिलं असेल का? तीन वर्षं मी हे मनात घेऊन घरी जातोय. ग्रॅहॅम म्हणाला सात गेले, तेव्हा मला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही, सुनीती. मी जणू त्याची वाटच बघत होतो.”

“आणि गुरुवारी?”

“गुरुवारी बंद करतील. दहा वर्षं शिकलो मी हे. ज्यांचं हाड कापलं तर भरून येणार नाही, मधुमेहवाले, म्हातारे, त्यांना दुसरं काही देता येत नाही माझ्याकडून.” त्याने तळहात मिटला. “पण सात माणसं, गं.”

मला त्याची कीव आली आणि कानफटात मारावीशीही वाटली. तुझी अक्कल कुठे गेली होती, असं विचारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात माझा फोन वाजला. शेरिलला सकाळपासून पाच मेसेज टाकले होते. उत्तर तिच्या नवऱ्याने एका पेट्रोलपंपावरून पाठवलं होतं: पुढे रेंज नाही, शुक्रवारी ब्रूमला पोचलो की बोलू.

शुक्रवार म्हणजे मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी.

४

मंगळवारी ऑफिस सुटल्यावर मी चहाला गेले. पोहे खरंच छान होते. काकांनी मला पुन्हा एकदा चीर दाखवली, मग टीव्हीवर क्रिकेट लागलं आणि ते उठून तिकडे गेले. मी सुचित्राकाकूंना हळूच विचारलं, “एप्रिलमध्ये हॉस्पिटलातून फोन आला होता का हो तुम्हाला?”

“आला होता की. शेरिल म्हणून बाई होत्या. फार गोड बोलायच्या. डार्लिंग म्हणाल्या मला.” काकू लाजल्या. “माझं इंग्रजी बेताचं. चार प्रश्न विचारले, मी आपलं येस नो केलं.”

“काका नव्हते घरी?”

“हे फिरायला गेलेले. बाईंनी विचारलं मिस्टर कर्णिक कुठे आहेत. मी म्हटलं, ही हॅज गॉन.”

माझ्या हातातला चमचा खाली आला. “एवढंच म्हणालात? ही हॅज गॉन?”

“मग काय म्हणायचं? गेलेच होते ना.”

मी कसाबसा चहा संपवून गाडीत येऊन बसले आणि एकटीच हसले. सुटलं होतं कोडं. काकूंनी साधेपणाने सांगितलं की ते गेलेत, आणि शेरिलला वाटलं गेले ते गेलेच. ‘ऑफ’ लिहिलेल्या उरलेल्या पाच घरांतही असंच काहीतरी झालं असणार. सगळी घरं मोडक्या इंग्रजीची, सगळीकडे फोन बायका-पोरांनी घेतलेला. मी लगेच सलिलला फोन लावला.

“ऐक. तुझे पेशंट मेलेले नाहीत. फिरायला गेलेत.”

त्याला सगळं समजावून सांगितलं. तो ऐकत होता. मग डॉक्टर लोकांचा असतो तशा थंड आवाजात त्याने विचारलं, “पण फोन कधीचा होता?”

“नऊ एप्रिल.”

“आणि कागदावर कधी गेले म्हणून लिहिलंय?”

बारा मार्च. नऊ एप्रिलला फिरायला गेलेला माणूस बारा मार्चला कसा जाईल? काकूंनी नुसतं गेलेत म्हटलं असेल तर शेरिलने तारीख कुठून आणली? आणि एक नाही, सहाही नावांपुढे वेगवेगळ्या तारखा होत्या. म्हणजे त्या सहा घरांतल्या प्रत्येकाने शेरिलला एक ठरावीक दिवस सांगितला होता. कशाचा?

“राहू दे,” सलिल म्हणाला. “थँक्स, सुनीती. खरंच. पण राहू दे आता.”

त्याने फोन ठेवला. माझ्या हातात एक दिवस उरला होता.

५

बुधवारी मी तोच कागद सकाळपासून तीनदा वाचला. ग्रॅहॅमने त्यात काही घुसडलं असेल म्हणून शाई उजेडात धरून पाहिली. सगळं एका हाताचं, एका पेनचं. शिवाय कागद ड्रॉवरमधून थेट कौमुदीकडे आला होता, ग्रॅहॅमने तो कधी पाहिलाच नव्हता. मनातल्या मनात मी त्याची माफी मागितली, अर्धीच.

अकराला मी आणि कौमुदी चहा करायला गेलो. तिने दुधाची बाटली उचलली, तेवढ्यात वॉर्डची क्लार्क जाता जाता म्हणाली, “डोन्ट यूज दॅट मिल्क, लव्ह. इट्स ऑफ.”

दूध नासलं की इथे ऑफ म्हणतात. कौमुदीने बाटलीकडे बघून हळूच मराठीत म्हटलं, “घ्या ताई, दूधही ऑफ झालं. देव त्याच्या आत्म्याला शांती देवो.”

आम्ही दोघी खिदळलो. मी सिंकला टेकून हसत होते आणि हसता हसता थांबले.

“कौमुदी, इथे दूध ऑफ होतं. लाइट ऑफ होतो. माणूस ऑफ होतो का?”

“होतो की. आपण म्हणतोच की.”

“आपण म्हणतो. शेरिल म्हणते का?”

तिने बाटली खाली ठेवली.

“आणि दुसरं सांग. माणूस ऑफ होतो, पण ऑन कधी होतो? त्या कागदावर नऊ जण ऑन आहेत. तू त्याचं काय केलंस?”

“मला वाटलं, ऑन फॉलोअप. म्हणजे चालू आहेत, जिवंत.” तिचा आवाज बारीक झाला.

आम्ही दोघी तिच्या टेबलाकडे जवळजवळ पळतच गेलो. मी कागद समोर ठेवला आणि मोठ्याने विचार करायला लागले, कारण मनात केला तर मला पटत नाही. शेरिलने मिस्टर ट्रानपुढे सरळ ‘डाइड’ लिहिलंय. म्हणजे मेलेल्या माणसासाठी तिच्याकडे शब्द होता आणि तिने तो वापरलाही. मग बाकी सहांना वेगळा शब्द का लावेल? नऊ ऑन, सहा ऑफ. ऑनला तारीख नाही, ऑफला आहे. म्हणजे ही अशी गोष्ट आहे जी चालू असते, आणि बंद झाली तर अमुक दिवशी बंद होते. आणि ती शेरिल प्रत्येकाला विचारत होती.

“ते मोबाइलवर जातात ते चार प्रश्न काढ,” मी म्हणाले.

कौमुदीने काढले. पहिला, छातीत दुखतं का. दुसरा, पुन्हा ऍडमिट झालात का. तिसरा, चालताना दम लागतो का. चौथा होता रक्त पातळ ठेवणाऱ्या दुसऱ्या गोळीबद्दल. बायपासनंतर दोन गोळ्या देतात, त्यातली एक साधारण वर्षाने डॉक्टर बंद करतात. इंग्रजीत प्रश्न असा होता: आर यू स्टिल ऑन युअर सेकंड टॅब्लेट? इफ नॉट, व्हेन डिड यू कम ऑफ इट?

ऑन. ऑफ. तारीख. पहिल्या तिन्हींना ‘नाही’ असेल, तर कागदावर लिहायला उरतं ते हे एवढंच.

मी सुचित्राकाकूंना फोन लावला. “काकू, बारा मार्चला काय होतं हो?”

“थांबा, कॅलेंडर बघते.” त्यांच्या भिंतीवर पुण्याहून आणलेलं मराठी कॅलेंडर आहे, दुधापासून दाढदुखीपर्यंत सगळं त्यावर लिहिलेलं. “हां. जीपीकडे गेलो होतो. त्या दिवसापासून ह्यांची एक गोळी बंद झाली. त्या शेरिलबाईंनाही मी हीच तारीख वाचून दाखवली होती. का हो?”

“काही नाही. पोहे छान होते.”

फोन ठेवून वळले तर कौमुदीचा चेहरा पांढरा पडलेला. “म्हणजे सहा माणसांना मी मारलं.”

“वेडाबाई, ते मेलेले नाहीत, हेच तर आत्ता कळलं.”

“ताई, माझे बाबा गेले तेव्हा सांगलीच्या हॉस्पिटलात नर्स तेवढंच म्हणाली होती. पेशंट ऑफ झाला. मला समजायला वेळ लागला, म्हणून तिने परत सांगितलं. तो शब्द कागदावर दिसला की मला दुसरं काही दिसतच नाही.” ती रडायला लागली. “माझी नोकरी जाईल का हो?”

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिला रागवायला मला तोंडच नव्हतं. शुक्रवारी यादी हातात घेऊन ‘सात जण ऑफ’ असं मीही मनात म्हटलं होतं. सोमवारी तीच ओळ वाचली होती, चष्मा लावून, अठरा वर्षांचा अनुभव गाठीशी घेऊन. आणि मला ती मराठीत वाचल्याचं कळलंही नव्हतं.

६

गुरुवारी मीटिंग नऊला होती. मी साडेसातला ग्रॅहॅमच्या खोलीत कागद, चार प्रश्न आणि सलिल, अशा तिघांना घेऊन गेले.

ग्रॅहॅमला सगळ्यात अवघड गेली ती एकच गोष्ट. “तुमच्याकडे माणूस मेला की ऑफ म्हणतात? दिव्यासारखं?”

“हो. डॉक्टरसुद्धा म्हणतात.”

त्याने सलिलकडे पाहिलं. सलिलने मान डोलावली. “मीही म्हणतो. दादरला असताना रोज म्हणायचो.” आणि मग त्याने डोळे मिटून घेतले. शेरिलचा कागद मागवून त्याने एकदा जरी वाचला असता, तर सर्जन म्हणून ती गोळी त्याला ताबडतोब दिसली असती. हे त्याला कळलं आणि मलाही.

ग्रॅहॅमने स्वतः फोन घेतला. आता विधवेला विचारायची वेळ नव्हती, गोळीबद्दल विचारायचं होतं. पाचही घरांना लावला. लेबनीज गृहस्थ बोटीवर मासे पकडत होते आणि फोनवर ओरडत होते. ग्रीक आजोबांनी, एवढ्या सकाळी उठवलं म्हणून ग्रॅहॅमला झापलं. ग्रॅहॅमने सगळ्यांना सॉरी म्हटलं आणि फोन ठेवताना दर वेळी कागदावर जिवंत असं लिहिलं. पाचवा फोन झाला तेव्हा तो सलिलकडे वळला आणि हात पुढे केला.

“अठ्ठ्याऐंशीत एक. माझ्यापेक्षा चांगलं आहे. पुढच्या आठवड्यातले चारही पेशंट तुझे. सॉरी, मेट.”

सलिलने हात मिळवला. तो हसत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याचा इतका आनंद झाला की मी ग्रॅहॅमच्या टेबलावरचं बिस्किट न विचारता खाल्लं. रिपोर्टात काय लिहायचं तेही मी ठरवून टाकलं होतं. ह्या विभागातल्या दोन मराठी कर्मचाऱ्यांनी एक शब्द एकाच चुकीच्या अर्थाने वाचला, आणि त्यातलं पहिलं नाव माझं. कौमुदीला एकटीला काढायचं तर आधी मला काढावं लागेल.

आम्ही उठलो. ग्रॅहॅम दार उघडत होता. सलिल मात्र कागदावर वाकून उभाच होता.

“हे सातवे,” तो म्हणाला. “मिस्टर ट्रान. डाइड, दोन ऑगस्ट. माझं ऑपरेशन मार्चमध्ये झालं होतं. पाच महिन्यांनी गेले. कशाने?”

मी फाइल चाळली होती. घरीच वारले, त्यांच्या जीपीने सर्टिफिकेट दिलं, आमच्याकडे त्याची प्रत कधी आली नाही आणि कुणी मागितलीही नाही. मी स्वतः चार दिवस सहा जिवंत माणसांच्या मागे धावत होते. जो खरंच गेला होता, त्याच्याबद्दल मी एकालाही एक प्रश्न विचारला नव्हता.

“एक मृत्यू अपेक्षेत बसतो,” ग्रॅहॅम समजुतीने म्हणाला. “मीटिंगला कुणी विचारणार नाही.”

“मी विचारतोय,” सलिल म्हणाला. त्याने खुर्ची ओढली, नंबर बघितला आणि फोन लावला. स्पीकरवर आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही.

एका बाईचा आवाज आला. त्याने नाव सांगितलं, तुमच्या वडिलांचं ऑपरेशन मी केलं होतं म्हणाला.

“दहा महिने झाले,” ती म्हणाली. “त्या नर्सनंतर तुम्ही पहिले. डॉक्टर, एक विचारू? ऑपरेशनमुळे गेले का ते?”

सोमवारी हाच प्रश्न ऐकायला हा माणूस घाबरत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. आज त्याचा आवाज स्थिर होता.

“मला माहीत नाही,” सलिल म्हणाला. “तेव्हाच विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. आज तुमच्या घरी आलो तर चालेल का?”

तिने पत्ता सांगितला. त्याने तो लिहून घेतला आणि मीटिंगला न जाता गाडीची किल्ली उचलली.